उन्हाळी शिबिर व संकटाची पूर्वतयारी

शाळेच्या चार भिंतींबाहेर, उघड्या आकाशाखालीं, समवयस्क सोबत्यांच्या संगतींत आठ-पंधरा दिवस घालविल्यानें मुलांच्या अंगीं जे गुण येतात, ते वर्षभर बाकावर बसून येत नाहींत, हें आतां बहुतेकांस मान्य झालें आहे. आपलें अंथरूण आपण घालणें, आपलें ताट आपण घासणें, दुसऱ्याच्या सोयीसाठीं आपली गैरसोय सोसणें, अंधाराची भीति टाकणें, हे धडे पुस्तकांत असतात. परंतु अंगवळणीं पडतात ते शिबिरांतच. म्हणूनच शिबिराची प्रथा पाश्चात्य देशांत रुजली आणि तेथून आपल्याकडेहि आली. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत फ्रेडरिक गन नांवाच्या एका शाळाचालकानें १८६१ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन समुद्रकांठीं मुक्काम केला. तेंच त्या देशांतील पहिलें उन्हाळी शिबिर मानितात. इंग्लंडांत बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचा तळ दिला, आणि त्यांतून बालवीरांची चळवळ जन्मास आली. आज अमेरिकेंत दर उन्हाळ्यांत लक्षावधि मुलें शिबिरांस जातात. आमच्याहि शाळांतून बालवीरांचे तळ, सहली व सुटींतील शिबिरें भरतात.

परंतु शिबिर म्हणजे आईबापांनीं आपलें मूल कांहीं दिवसांपुरतें दुसऱ्याच्या हातीं देणें होय. घरीं रात्रीं पाऊस वाढला तर आई उठून खिडकी लावते, बाप दिवा घेऊन अंगणांत जाऊन येतो. शिबिरांत हें काम कोणाचें? या लेखांत आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहों कीं, मुलें घरापासून दूर असतां अकस्मात् पूर, वादळ, वीज किंवा दुसरें एखादें संकट ओढवलें, तर त्यांचे प्राण कशानें वाचतात व कशानें जातात. हा विचार नुसत्या कल्पनेनें करण्यापेक्षां घडलेल्या गोष्टी समोर ठेवून करणें अधिक उपयोगी आहे. म्हणून आम्ही अमेरिकेंतील कांहीं प्रसंग घेतले आहेत.

एका नदीची रात्र

टेक्सस राज्याच्या मध्यभागीं डोंगराळ मुलूख आहे. तेथील खडक चुनखडीचा, वरचा मातीचा थर पातळ व उतार तीव्र. मेक्सिकोच्या आखाताकडून बाष्पानें जड झालेली हवा या उंचवट्यावर येऊन थडकली म्हणजे मुसळधार पाऊस कोसळतो, आणि तें पाणी जमिनींत मुरण्यास अवकाश न मिळतां ओढ्यानाल्यांतून सरळ नदींत उतरतें. या मुलुखास 'अकस्मात् पुरांची गल्ली' असें नांवच पडलें आहे. याच मुलुखांतून ग्वाडलूप नदी वाहते. एरवीं तिचें पाणी निवळ व उथळ. कांठीं सायप्रस वृक्षांची गर्द सावली. पोहण्यास व नाव वल्हविण्यास अशी नदी दुसरी मिळणें कठीण. त्यामुळें तिच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या मुलांचीं शिबिरें भरत आलीं आहेत. १९२६ सालीं स्थापन झालेलें कॅम्प मिस्टिक हें मुलींचें शिबिर त्यांपैकींच एक होय.

३ जुलै २०२५ रोजीं दुपारीं १ वाजून १८ मिनिटांनीं तेथील राष्ट्रीय हवामान खात्यानें, या भागांत पूर येण्याचा संभव आहे, अशी पूर्वसूचना दिली. दुसरा दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीचा होता. मध्यरात्र उलटल्यावर १ वाजून १४ मिनिटांनीं त्याच खात्यानें केर परगण्यासाठीं अकस्मात् पुराचा स्पष्ट इशारा दिला. पुढें ४ वाजून ३ मिनिटांनीं सर्वांत गंभीर प्रकारचा इशारा निघाला. नदीच्या वरच्या अंगास कांहीं तासांत १० इंचांहून अधिक पाऊस झाला होता. नदी सुमारें ४५ मिनिटांत २६ फूट चढली, असें राज्याच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें.

विद्यार्थिमित्रहो, हे आंकडे नुसते वाचून सोडूं नका. २६ फूट म्हणजे दुमजली घराची उंची. आणि ४५ मिनिटें म्हणजे आपल्या वेळापत्रकांतील जवळजवळ एक तास. भूगोलाचा तास सुरू झाला तेव्हां ओढा घोट्याएवढा होता, आणि तास संपल्याची घंटा होते तों वरच्या मजल्यावरील वर्गाच्या खिडकींत पाणी आलें, असें मनांत आणा, म्हणजे त्या रात्रीची कल्पना येईल. शिवाय ती वेळ काळोखाची होती, आणि निजलेल्या मुलींपैकीं पुष्कळ आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

त्या पुरांत कॅम्प मिस्टिकमधील २५ मुली व २ तरुण मार्गदर्शिका अशा २७ जणींचा अंत झाला. ज्या निवासांत सर्वांत लहान मुली निजत असत, ते सखल जागीं नदीच्या जवळ होते. शिबिराचे वृद्ध प्रमुख मुलींस वाचविण्याच्या प्रयत्नांत स्वतः मरण पावले. कांहीं तरुण मार्गदर्शिकांनीं लहान मुलींस खिडक्यांतून बाहेर काढून टेकडीवर नेलें व त्यांचे प्राण राखिले. मध्य टेक्ससमध्यें त्या पुरानें एकंदर १३० हून अधिक माणसें दगावलीं.

इशारा व कृति यांमधील अंतर

या दुर्घटनेंत कोणाचा किती दोष, हें ठरविणें त्या देशाच्या न्यायालयांचें काम आहे. तें आमचें नव्हे. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, पूर्वसूचना दुपारींच निघाली होती, इशारा मध्यरात्रीनंतर लगेच निघाला होता, आणि तरीहि इतके प्राण गेले. अर्थात् इशारा निघणें ही एक गोष्ट, तो कानीं पडणें ही दुसरी, त्यावर विश्वास बसणें ही तिसरी, आणि पाय उचलणें ही चौथी. या चार पायऱ्यांपैकीं एक जरी निसटली तरी वरच्या सर्व व्यर्थ होतात. रात्रीं माणूस झोपेंत असतो. पावसाच्या आवाजांत दुसरा आवाज ऐकूं येत नाहीं. डोंगराच्या कुशींत दूरध्वनीच्या लहरी नीट पोहोंचत नाहींत. आणि 'असा पाऊस दरवर्षींच पडतो' या विचारानें जागा झालेला माणूसहि पुन्हां कूस बदलतो.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुर्घटनेच्या दोनच दिवस आधीं, २ जुलै रोजीं, राज्याच्या तपासनीसानें त्या शिबिराची पाहणी केली होती, आणि संकटसमयीं काय करावें याची लेखी योजना तेथें आहे, अशी नोंद केली होती. अशा तपासणीच्या नोंदींत योजना आहे कीं नाहीं एवढें कळतें. रात्रीं दोन वाजतां ती चालेल कीं नाहीं, हें कळत नाहीं. आमच्या शाळांतहि आग विझविण्याच्या लाल बालद्या भिंतीवर टांगलेल्या असतात. त्यांत वाळू आहे कीं पानांचा कचरा आहे, हें पाहिल्यावांचून त्यांची मोजदाद व्यर्थ होय.

आतां त्याच रात्रीचें दुसरें चित्र पाहूं. त्याच नदीवर मो-रँच नांवाचें प्रेस्बिटेरियन मंडळीचें शिबिरस्थान आहे. तेथील चालकांचें हवामानाकडे लक्ष होतेंच. रात्रीं सुमारें एक वाजतां तेथील इमारतींची देखरेख करणाऱ्या गृहस्थास जाग आली, आणि पाऊस संततधार असून नदी चढत आहे, असें त्याच्या दृष्टीस पडलें. त्यानें लागलीच आपल्या वरिष्ठांस कळविलें. वरिष्ठांनीं सरकारी हुकुमाची वाट पाहिली नाहीं. नदीजवळच्या इमारतींत निजलेल्या सुमारें ७० लहानथोर माणसांस उठवून त्यांनीं उंचावरच्या इमारतींत नेलें. त्या ठिकाणीं एकहि माणूस दगावलें नाहीं.

त्याच नदीच्या खालच्या अंगास कम्फर्ट नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील स्वयंसेवक अग्निशामक दलानें मोठे भोंगे बसविले होते, व त्यांच्या आवाजाचा अर्थ गांवकऱ्यांस ठाऊक होता. त्या दिवशीं भोंगे वाजले, लोक नदीपासून दूर झाले, आणि त्या गांवीं प्राणहानि झाली नाहीं.

मो-रँच येथें कांहीं अद्भुत यंत्र नव्हतें. तेथें जागें झालेलें एक माणूस होतें, त्याचें ऐकून घेणारा वरिष्ठ होता, आणि जाण्यास उंच जागा होती. कम्फर्ट येथें सर्वांस कळणारी एक खूण होती.

वाहनाचा भरंवसा

कम्फर्ट गांव सावध राहण्यास एक जुनें कारण होतें. १७ जुलै १९८७ रोजीं त्या गांवाजवळच एका शिबिरांतील मुलें पूर येत आहे असें पाहून मोटारगाड्यांतून घरीं निघालीं. पुढच्या गाड्या पार झाल्या. सर्वांत मागें असलेली बस व तिच्याबरोबरची लहान गाडी मात्र सखल रस्त्यावर पाण्यांत अडकल्या. दोन्ही मिळून ४३ माणसें होतीं. त्यांपैकीं ३३ वांचलीं, आणि १० कुमारवयीन मुलें वाहून गेलीं.

येथें चालकांनीं इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. तीं मुलें सुरक्षित स्थळींच चाललीं होतीं. परंतु वाट नदीच्या कांठानें होती. वाहत्या पाण्याचा जोर किती असतो, याची आपणांस सहसा कल्पना नसते. सहा इंच खोल वेगवान् पाणी धडधाकट माणसाचे पाय उपटतें. एक फूट पाणी लहान मोटार वाहवून नेतें. दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांस उचलतें. याचें कारण विज्ञानाच्या पुस्तकांत आर्किमिडीजच्या सिद्धांतांत आहे. गाडी जितकें पाणी बाजूस सारते तितकें तिचें वजन हलकें होतें, आणि चाकें जमिनीस धरीनाशीं झालीं कीं प्रवाह तिला हवें तिकडे नेतो. अमेरिकेच्या हवामान खात्यानें पुढें 'मागें फिरा, बुडूं नका' अशा अर्थाचें एक घोषवाक्य घरोघर पोहोंचविलें, तें याच अनुभवावरून. पुराच्या वेळीं चाकांवर दूर जाण्यापेक्षां पायांनीं जवळच्या उंचवट्यावर जाणें पुष्कळ वेळां अधिक सुरक्षित असतें.

बालवीरांची कसोटी

तिसरा प्रसंग वादळाचा. ११ जून २००८ रोजीं आयोवा राज्यांतील लिटल सू नांवाच्या बालवीरांच्या तळावर संध्याकाळीं प्रचंड चक्री वावटळ आली. तेथें निवडक बालवीर नायकत्वाचें शिक्षण घेण्यास जमले होते. ज्या पक्क्या आसऱ्यांत ते शिरले, त्याचेंच धुराडें कोसळलें. ४ मुलगे मरण पावले आणि ४८ जण जखमी झाले.

ही हकीगत दुःखाची आहे, तशीच ती अभिमानाचीहि आहे. बाहेरून मदत येऊन पोहोंचेपर्यंत त्या मुलांनींच ढिगारा उपसला, रक्त थांबविलें, सदऱ्यांच्या पट्ट्या केल्या व जखमींस धीर दिला. संकटप्रसंगीं काय करावें याची तालीम त्यांनीं नुकतीच केली होती. वावटळ त्यांच्या हातीं नव्हती, परंतु पुढची घटका त्यांच्या हातीं होती, आणि ती त्यांनीं दवडिली नाहीं. पुढें त्या तळावर वावटळीपासून बचाव करणारे मजबूत आसरे बांधण्यांत आले.

कांहीं पालक म्हणतात कीं, मुलांस अशा गोष्टी सांगितल्या म्हणजे तीं भितात. आमचा अनुभव उलट आहे. ज्या मुलास घंटा झाल्यावर कोठें जावयाचें तें ठाऊक असतें, तें मूल घंटेनें दचकतें खरें, परंतु रडत बसत नाहीं. भीति अज्ञानाची असते.

योजनेचीं सात अंगें

वरील प्रसंगांवरून शिबिराच्या योजनेंत काय असावें, हें आपणांस क्रमानें सांगतां येईल.

१. जागेची पारख. तळ देण्यापूर्वीं ओढ्याच्या कांठच्या झाडांकडे पाहावें. फांद्यांस वाळलेलें गवत व काटक्या अडकलेल्या दिसल्या, तर मागील पूर तेथवर आला होता, असें समजावें. खडकांवरील गाळाच्या रेघा तीच साक्ष देतात. गांवांतील म्हाताऱ्या माणसांस विचारावें. त्यांच्या आठवणींत पुष्कळ पूर साठविलेले असतात. लहान मुलांचा निवास सर्वांत उंच जागीं असावा, कारण त्यांस उठवून चालविण्यास सर्वांत अधिक वेळ लागतो. टेक्सस राज्यानें ५ सप्टेंबर २०२५ रोजीं मंजूर केलेल्या कायद्यांनीं शिबिरांतील मुलांचे निवास पूरप्रवण पट्ट्यांत ठेवण्यास मनाई केली, व प्रत्येक शिबिरानें संकटयोजना करून आपल्या नोकरवर्गास दरवर्षीं तिचें शिक्षण द्यावें, असें ठरविलें.

२. इशारा ऐकण्याची सोय. इशारा येण्याचे निदान दोन मार्ग असावे. एक तुटला तर दुसरा राहील. एक यंत्र विजेवर असेल, तर दुसरें बॅटरीवर चालणारें असावें. शिबिरांत मुलांजवळील दूरध्वनि बहुधा काढून घेतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यामुळें मोठ्यांची जबाबदारी दुप्पट होते, हें विसरतां कामा नये. पूर्वसूचना असलेल्या रात्रीं पाळीपाळीनें एका मोठ्या माणसानें जागलेंच पाहिजे.

३. निर्णयाचा अधिकार. पहाऱ्यावरील माणसास, कोणाची परवानगी न घेतां, सर्व तळ उठविण्याचा अधिकार असावा. त्यानें उठविल्यावर पूर आला नाहीं, तर त्यास कोणी हंसूं नये. ज्या ठिकाणीं एकदां हंसें होतें, त्या ठिकाणीं दुसऱ्या खेपेस माणूस घंटा वाजविण्यापूर्वीं विचार करीत बसतो, आणि नदी तेवढा वेळ थांबत नाहीं.

४. वाट व जागा. तळापासून उंचवट्यावर जाण्याची पायवाट आधीं ठरवावी. ती ओढा ओलांडणारी नसावी. पहिली वाट बंद झाली तर दुसरी असावी. या दोन्ही वाटा पहिल्याच संध्याकाळीं कंदील किंवा विजेरी घेऊन मुलांसह चालून पाहाव्या, कारण दिवसा ओळखीची असलेली वाट रात्रीं अनोळखी होते.

५. मोजणी. मुलांच्या नांवांची यादी कागदावर लिहून प्रमुखाच्या खिशांत असावी. प्रत्येक मुलास एक जोडीदार नेमून द्यावा. निघण्यापूर्वीं एकदां, पोहोंचल्यावर एकदां अशी मोजणी व्हावी. पोहण्याच्या वेळीं तर शिट्टी होतांच प्रत्येकानें जोडीदाराचा हात धरून वर करावा, आणि सर्व जोड्या मोजून झाल्यावरच खेळ पुढें चालावा. ही रीति साधी आहे. परंतु बुडणारें मूल ओरडत नाहीं, तें निःशब्द खालीं जातें, म्हणून ती अत्यंत आवश्यक आहे.

६. सराव. भिंतीवर लावलेली योजना डोळ्यांस दिसते. सराव केलेली योजना पायांत शिरते. निदान एक सराव दिवसा व एक काळोखांत झालाच पाहिजे. पाढे जसे न आठवतां ओठांवर येतात, तशी ही वाट न आठवतां पायांखालीं आली पाहिजे.

७. घरीं कळविणें. संकट टळल्यावर पालक धांवत येतात. त्या वेळीं माहिती देण्याचें काम एकाच माणसाकडे असावें, भेटीची जागा ठरलेली असावी, आणि मूल कोणाच्या हवालीं केलें, याची सहीनिशीं नोंद व्हावी. मुलांचीं नेहमींचीं औषधें, त्यांस न सोसणारे पदार्थ, आणि जवळच्या इस्पितळाचा रस्ता हीं याच वहींत असावीं.

आपल्या मुलुखांतील संकटें

टेक्ससची नदी आपल्यापासून फार दूर आहे, परंतु पाण्याचा धर्म सर्वत्र एकच. सह्याद्रीचा कातळ काळा असला तरी तोहि पाणी पिऊन घेत नाहीं. घाटमाथ्यावर ढग फुटला म्हणजे खालच्या ओढ्यास तें पाणी ऊन पडलें असतांहि गांठतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरांत एका धबधब्याच्या प्रवाहांत उभ्या असलेल्या कुटुंबांतील पांच जण बघतां बघतां वाहून गेले. पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यांत पानें व काटक्या येऊं लागल्या, किंवा त्याचा आवाज बदलला, तर कोणाची वाट न पाहतां वर चढावें.

मे महिन्याच्या सुटींतील शिबिरांस पुराहून वळवाच्या विजेचें भय अधिक. मराठवाडा व विदर्भांत दरवर्षीं कांहीं माणसें शेतांत वीज पडून मरतात. प्रकाशाची लखलख आणि गडगडाट यांमध्यें जितके सेकंद जातात, त्यांस तीननें भागिलें असतां वीज किती किलोमीटरवर पडली, हें ढोबळमानानें कळतें. परंतु गडगडाट ऐकूं आला, एवढ्यावरच आपण तिच्या टप्प्यांत आहों, असें समजून खेळ बंद करावा. तंबू किंवा झाड हा आसरा नव्हे; पक्की इमारत किंवा पत्र्याचें छप्पर असलेली बंद गाडी हा आसरा होय. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावांचून बाहेर पडूं नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाची सोय केली असून, तीमुळें आपल्या परिसरांत वीज पडण्याचा संभव आहे काय, हें हातांतील दूरध्वनीवर कळतें.

उन्हाचें भय तर आम्ही क्षुल्लक मानितों. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील एका समारंभांत उष्माघातानें दहाहून अधिक माणसें मरण पावलीं. म्हणून मैदानी खेळ सकाळीं लवकर किंवा संध्याकाळीं ठेवावे, आणि तहान लागण्याची वाट न पाहतां मुलांस पाणी पाजावें. मूल असंबद्ध बोलूं लागलें, अंग तापलें व तोल जाऊं लागला, तर त्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी घालावें, वारा घालावा व ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडांत पाणी घालूं नये.

भारतीय हवामान खातें आपल्या इशाऱ्यांस रंग देतें. हिरवा म्हणजे भय नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज व्हा. तांबडा म्हणजे कृति करा. शिबिराच्या चालकांनीं प्रत्येक रंगापुढें आपण काय करणार, हें एका ओळींत आधींच लिहून ठेवावें. पिवळ्या दिवशीं रात्रीचा पहारा. नारिंगी दिवशीं नदी, धबधबा व गड यांची सहल बंद. तांबड्या दिवशीं शिबिरच पुढें ढकलणें. असें आधीं ठरलेलें असलें म्हणजे ऐन वेळीं मुलांच्या हिरमुसलेल्या चेहऱ्यांकडे पाहून निश्चय ढळत नाहीं.

पालकांस व विद्यार्थ्यांस

आमचें म्हणणें असें नव्हे कीं, पालकांनीं आपलीं मुलें शिबिरास पाठवूं नयेत. घराच्या उंबरठ्याआड वाढविलेलें मूल संकटांतून सुटत नाहीं. उलट पहिल्याच संकटांत तें गांगरतें. परंतु पैसे भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारण्याचा पालकांस पूर्ण हक्क आहे. मुलें रात्रीं कोठें निजणार, आणि तेथून पाणी किती दूर? रात्रीं जागें कोण राहणार? तळ सोडावा लागला तर जावयाचें कोठें, आणि तो सराव कोणत्या दिवशीं होणार? आम्हांस कोण कळविणार? ज्या चालकांनीं खरोखर तयारी केली आहे, त्यांस या प्रश्नांचा राग येत नाहीं. ते उठून वाट दाखवितात. उत्तर देतांना जो चिडतो किंवा 'आजवर कांहीं झालें नाहीं' एवढेंच सांगतो, त्याच्या स्वाधीन मूल करण्यापूर्वीं पुन्हां विचार करावा. आजवर कांहीं झालें नाहीं, हें ग्वाडलूपच्या कांठींहि पुष्कळांनीं म्हटलें असेल.

विद्यार्थ्यांनींहि आपला वांटा उचलावा. शिबिरांत पोहोंचतांच उंच जागा कोणती, तें पाहून ठेवावें. जोडे व विजेरी उशाशीं ठेवून निजावें. सरावाची घंटा झाली असतां थट्टा करूं नये. आपल्यापेक्षां लहान असलेल्याचा हात आधीं धरावा. आणि पाणी चढतांना, धूर येतांना किंवा जोडीदार न दिसतांना ज्यास प्रथम कळेल, त्यानें मोठ्यानें ओरडावें. असें ओरडणें हा उर्मटपणा नव्हे, आणि चूक ठरलें तरी त्याबद्दल आम्ही कोणासहि शिक्षा करणार नाहीं.

पुढील सुटींत आपल्यापैकीं पुष्कळ जण शिबिरास जातील. त्यांनीं जावें, पोहावें, शेकोटीभोंवतीं गाणीं म्हणावीं, आणि काळेसांवळे होऊन घरीं परत यावें. टेक्ससमधील त्या सत्तावीस जणीहि याच आनंदासाठीं गेल्या होत्या. त्यांच्या आईबापांनींच पुढें विधिमंडळांत जाऊन आपलें दुःख सांगितलें व तीन महिन्यांच्या आंत कायदा करविला. त्यांचीं मुलें परत यावयाचीं नव्हतीं. ज्यांस त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं, अशा दुसऱ्यांच्या मुलांसाठीं त्यांनीं तें केलें.

अभ्यास

१. आपल्या शाळेच्या किंवा घराच्या परिसरांतील सर्वांत उंच सुरक्षित जागा शोधा, आणि तेथवर जाण्याच्या दोन वाटांचा नकाशा काढा.
२. इशारा निघण्यापासून पाय उचलण्यापर्यंतच्या चार पायऱ्या लिहा. मो-रँच व कम्फर्ट येथें प्रत्येक पायरी कशी साधली, तें सांगा.
३. लखलख व गडगडाट यांमध्यें १२ सेकंद गेले, तर वीज किती दूर पडली? तेवढ्या अंतरावर खेळ चालूं ठेवावा काय? कारण द्या.
४. घरांतील वडील माणसांस त्यांनीं पाहिलेल्या एखाद्या पुराची हकीगत विचारा, आणि तेव्हां पाणी कोठवर आलें होतें, ती जागा स्वतः जाऊन पाहा.